मागच्या रांगेवरचे दिवे

दादाने जुना डिजिटल प्रोजेक्टर घ्यायचं ठरवलं तेव्हा मी घरात बरीच आदळआपट केली. जुनी मोटार घेताना निदान चाकं तरी दिसतात. या धुडाच्या पोटात काय दडलंय ते कोण सांगणार? पण नवं यंत्र परवडणारं नव्हतं, आणि यंत्राशिवाय वडिलांनी उभं केलेलं आमचं थिएटर फर्निचरवाल्याच्या घशात जाणार होतं.

दादाही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. दिवा किती तास जळला तो आकडा मागे फिरवलाय का, पडद्यावर मेलेले ठिपके दिसतात का, आतली बॅटरी कधी बदलली, पासवर्ड मिळणार का, सगळं त्याने खोदून खोदून विचारलं. विकणारा एका बंद पडलेल्या थिएटरचा ऑपरेटर होता. दादाने विचारलेलं सगळं त्याने खरं सांगितलं. यंत्राच्या आठवणीत काय काय शिल्लक आहे, हे विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

दादाने हॉलचे दिवेही त्याच यंत्राला जोडले. पहिल्याच दुपारच्या खेळाला चित्र इतकं लख्ख आलं की मी मुकाट्याने दादाला चहा नेऊन दिला. मग शेवट जवळ आला, नायिका दाराशी पोचली, आणि मागच्या रांगेवरचे दिवे आपोआप हळूहळू उजळले. पडदा फिका पडला. लोकांनी आरडाओरडा केला. दुसऱ्या दिवशी तेच. सिनेमा बदलला तरी तेच. लोक तिकीट खिडकीवर येऊन मला फैलावर घेऊ लागले आणि खुर्च्या रिकाम्या पडू लागल्या.

दादाने ऑपरेटरला फोन लावून स्पीकर चालू केला.

"अजून लागतात दिवे?" ऑपरेटरने पलीकडून विचारलं.

"अहो, आमचं गिऱ्हाईक पळतंय," मी म्हणाले.

"ताई, दिव्यांचं ते मीच यंत्रात घालून ठेवलंय. आई रोज दुपारी मागच्या रांगेत येऊन बसायची. गुडघे गेलेले. गर्दी उठायच्या आत तिला दारापर्यंत जाता यावं म्हणून. ती वारली, पण ते पुसायला हात धजला नाही."

"कसं काढायचं तेवढं सांगा," दादा म्हणाला.

त्याने सांगितलं. फोन ठेवता ठेवता म्हणाला, "अंधारात घाबरते हो ती."

दादाने ते पुसून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मुद्दाम मागे भिंतीला टेकून उभी राहिले. शेवट आला, अंधार तसाच राहिला, लोक पडद्याला खिळून होते. मला हायसं वाटलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक रिकामी खुर्ची खटकन मिटली. बसलेलं माणूस उठलं की मिटते तशी. मग भिंतीवरून हात फिरवल्याचा आवाज. चाचपडत, थांबत, माझ्याच दिशेने. माझ्या दंडावर थंडगार बोटं टेकली आणि घट्ट धरून राहिली. ती थरथरत होती. माझी बोबडी वळली, पण हात सोडवून घ्यावासा वाटला नाही.

दादाला सांगितलं तेव्हा तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"परत घालायचे का दिवे?" मी विचारलं.

"घातले तर थिएटर जाईल."

"आणि नाही घातले तर?"

 दुसऱ्या दिवशी शेवट जवळ आला तसा दादा केबिनमधून टॉर्च घेऊन खाली आला. उजेड अगदी जमिनीलगत धरून मागच्या रांगेशी उभा राहिला. खुर्ची मिटली. दादाने मागे वळून पाहिलं नाही. एक हात मागे धरून तो पावलापावलाने दाराकडे निघाला. पुढच्या कुणी मानसुद्धा वळवली नाही. दार उघडून तो बाजूला झाला.

"सावकाश, मावशी," तो म्हणाला. "उद्या मी आहेच."

फुकट्या प्रेक्षकांशी माझं किती वाकडं आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी खिडकीवर गेले आणि आसनांच्या तक्त्यात त्या खुर्चीवर फुली मारली. हाउसफुल्ल असलं तरी ती मी कुणाला देत नाही.