काळ्या अळ्यांवरचा शेरा

दिसायला ओंगळ ते वाईट, असं ठरवून मोकळं व्हायची आपल्याला सवयच आहे. आमचे निवृत्त हेडक्लार्क तरी त्याला अपवाद कसे असणार?

गच्चीवर त्यांचे घेवड्याचे चार वेल होते. बायको दरवर्षी बी राखायची. ती गेली तेव्हा डबीत चारच बिया उरल्या होत्या. आता वेल गेले की तिचं बियाणंही संपलं. म्हणून हेडक्लार्क रोज सकाळी चष्मा चढवून पानन् पान तपासायचे. काळी, काटेरी अळी दिसली की चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकायचे.

तरी वेल सुकतच चालले. कोवळे शेंडे मावा या बारीक हिरव्या किडीने नुसते लगडले होते.

"आता औषधच मारतो," ते सुनेला म्हणाले. सून शाळेत जीवशास्त्र शिकवायची.

"बाबा, थोडे दिवस थांबा. आणि त्या अळ्या मारू नका."

"अगं, त्याच तर वेल खातायत."

"पान खाताना पाहिलंय तुम्ही?"

हेडक्लार्कांनी चिमटा खाली ठेवला. पाहिलं नव्हतं.

सुनेने माव्याचा एक शेंडा आणि दोन अळ्या काचेच्या बरणीत ठेवून तोंडाला फडकं बांधलं. संध्याकाळपर्यंत मावा निम्मा झाला होता, पानाला मात्र एक भोक नव्हतं.

"मावा वेलाचा रस पितो आणि अळी मावा खाते," सून म्हणाली. "तुम्ही नेमकी अळीच काढून टाकलीत. मग मावा माजणार नाही तर काय?"

मग रोज नवा शेंडा बरणीत टाकायचं काम हेडक्लार्कांनीच घेतलं. काही दिवसांनी अळ्या काचेला चिकटून निपचित पडल्या. मेल्या असं वाटून त्यांना उगाच वाईट वाटलं. पण एका सकाळी बरणीत दोन लाल, काळ्या ठिपक्यांचे किडे फिरत होते.

ते बरणीजवळ वाकले. हे किडे बायको बोटावर चढवून घ्यायची आणि हाक मारायची, "अहो, पाहुणे आलेत बघा."

"लाल पाहुण्यांना मी जपलं गं," ते सुनेला म्हणाले, "आणि त्यांचीच पोरं बुडवली!"

बरणी त्यांनी वेलाखाली उघडली. चारांतले दोन वेल वाचले.

मंडळी, एखादा जीव नकोसा वाटला तर आधी एवढंच पाहा: हा कोणाला खातो, आणि कोण याच्यावर जगतं?

त्या वर्षी डबीत एकवीस बिया पडल्या. झाकणावर हेडक्लार्कांनी सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला: "काळ्या अळ्यांना हात लावू नये. घरच्याच आहेत."