पाटीची कोरी बाजू

मित्रांनो, पाटी म्हटलं की तुम्हाला शाळेतली काळ्या दगडाची पाटी आठवेल. मी मात्र लाकडाची. पनवेलला पुण्याच्या रस्त्यावर गुणाबाईंची खानावळ आहे, तिच्या दाराशी टांगलेली जुनी पाटी ती मी.

मूळची मी करंज्याच्या बंदरातल्या एका होडीची फळी. होडी मोडीत निघाली तेव्हा काशिरामांनी मला उचलून आणलं. त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे गुणाबाईंनी, मिठागरावर उन्हातान्हात मीठ ओढून ही खानावळ उघडली होती. ती चालली नाही तर पुन्हा मिठागर, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. गुणाबाईंच्या पायांच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या.

गिऱ्हाईक यावं म्हणून काशिरामांनी नाना खटपटी केल्या. माझ्यावर ‘उत्तम भोजनाची सोय’ असं झोकात लिहवून घेतलं. पण धावत्या ट्रकमधून ते वाचणार कोण? जत्रेत छापील कागद वाटले, लोकांनी त्यांत चणे बांधून नेले. एसटी थांबली की ते खिडक्यांशी जाऊन हाका मारत, तर उतारू पिशव्या घट्ट धरून बसत. समोरच्या नव्या हॉटेलात ग्रामोफोन वाजू लागला, तसे ते म्हणाले, आपणही आणू.

“गाणं ऐकून पोट भरतंय काय?” गुणाबाई म्हणाल्या. “पाटीवर म्हावरं काढून घ्या. ते सगल्यांना वाचता येतंय.”

मग रंगाऱ्याने अक्षरं खरवडून माझ्यावर एक रुपेरी पापलेट काढलं. मागची बाजू कोरीच राहिली. करंज्याहून ताज्या मासळीची टोपली आली तर मासा रस्त्याकडे, नाही आली तर कोरी बाजू, हा नेम गुणाबाईंनी घालून दिला.

शेजारच्या मारुतीच्या देवळात शनिवारी कीर्तन असे. चुलीवर भात ठेवून गुणाबाई दारात येऊन ऐकत. बुवा निरूपणाला लागले आणि मृदंग थांबला की माझ्या लाकडाच्याही आत काहीतरी शांत होई. एकदा बुवांनी विचारलं, देवापुढे नैवेद्य ठेवताना निवडून, पाखडून ठेवता. मग माणसापुढे ताट ठेवताना हयगय का करता? गुणाबाईंनी पदराने डोळे पुसले. धुराने म्हणा, नाहीतर कशाने.

चैत्रात कार्ल्याच्या देवीचं दर्शन घेऊन परतणाऱ्या भाविकांची बस आली, त्या दिवशी टोपली आलीच नव्हती. घरात कालची मासळी होती. बस दिसताच काशिरामांनी मला फिरवून मासा पुढे केला. बस थांबली, माणसं भराभरा उतरली. इतकं गिऱ्हाईक त्या दारात मी प्रथमच पाहत होते. तेवढ्यात गुणाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मला पुन्हा फिरवलं.

“म्हावरं कालचं हाय,” त्या सर्वांदेखत म्हणाल्या. “आज डाल-भात हाय, वांगी हायत. चालत असंल तर बसा.”

बस समोरच्या हॉटेलात रिकामी झाली. आधीपासून आलेला तुळशीराम नावाचा घाटावरचा ट्रकवाला तेवढा बाकावर बसून राहिला.

“गुणा, लोकं आपल्याकडं कीर्तनाला येत नाय, जेवाया येतात,” काशिराम कडवटपणे म्हणाले.

“जेवाया येतात म्हणूनच सांगितलं,” गुणाबाई म्हणाल्या आणि तुळशीरामाला वाढू लागल्या.

तो महिना वाईट गेला. काशिराम मिठागराच्या मुकादमाला भेटूनही आले. पण तुळशीराम जिथे जिथे ट्रक थांबवी, तिथे ही गोष्ट सांगत सुटला. हळूहळू ट्रकवाले लांबूनच मला न्याहाळू लागले. मासा दिसला की भोंगा वाजवून येत. कोरी बाजू दिसली तरी निम्मेअधिक थांबत. म्हणत, ही बाई डाळही कालची वाढणार नाही. मित्रांनो, मासा काय, कुठल्याही पाटीवर काढता येतो. त्याच्यावर लोकांचा भरवसा बसला, तो माझ्या कोऱ्या बाजूमुळे.

पुढे एकदा गुणाबाई तापाने अंथरुणाला खिळल्या. बाजाराचा दिवस, रस्त्यावर ट्रकांची रांग, आणि टोपलीचा पत्ता नाही. मी कालपासून मासा पुढे करूनच लटकत होते. काशिराम बाहेर आले. त्यांनी रस्त्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच मला फिरवलं आणि आत जाऊन म्हणाले, “गुणा, पडून राहा. डाल टाकलीय.”

आता माझं पापलेट फिकं पडलं आहे, कडांना भुंगा लागू पाहतो आहे. तुम्ही कधी या वाटेने आलात, तर माझ्यावरून तेलाचा हात फिरवा. आणि फिरवाल तेव्हा मित्रांनो, दोन्ही बाजूंनी फिरवा. कोरी बाजू भिंतीकडे असली की लोक तिला विसरतात.