उघड्या चाकांचा दसरा

आश्विन आला. पाऊस दर्याच्या पाठीवरून परत गेला, आणि देवबागच्या चिंचोळ्या वाळूपट्टीवर स्वच्छ, सोनसळी, धुतलेले ऊन उतरले. एका अंगाला दर्याचा निळा, दुसऱ्या अंगाला खाडीचा हिरवा. मधे माडांची रांग, माडांच्या सावलीत तारींचे घर. आणि त्या साऱ्यावरून, अहोरात्र, खारा वारा.

खारा वारा कुणाला सोडत नाही. तो खिडकीचे गज खातो, कुलपे खातो, सायकलींच्या साखळ्या खातो. पण जयवंत तारींच्या जुन्या पांढऱ्या गाडीची चार चाके त्याला बारा वर्षांत खाता आली नव्हती.

ती चाके अ‍ॅल्युमिनियमची होती आणि उघडी होती. लेथवर उमर घालवलेल्या जयवंतांनी त्यांच्यावरचा रंग स्वतःच्या हाताने उतरवला होता. झाकलेल्या धातूत काय बघायचे, म्हणत. उघडा धातू जन्मभर राखावा लागतो, हे ठाऊक असून म्हणत. दरवर्षी पाऊस सरला की ते अंगणात बसत, आणि चाके चंद्रधवल झाल्याशिवाय उठत नसत. येता-जाता त्यांची बायको, शालनकाकी, त्या चाकांत बघून पदर सारखा करीत. शेजारीपाजारी हसत. हसोत बापडे.

यंदा ज्येष्ठात जयवंतांच्या उजव्या अंगावरून वारे गेले.

जीभ जडावली. उजवा हात मांडीवर पडून राहिला. निश्चेष्ट, निःशब्द, कुणी पाहुण्याने विसरून ठेवावा तसा. त्या हाताकडे बघा, त्याला कामाला बोलवा, असे व्यायाम शिकवणाऱ्या बाई परोपरीने सांगत. जयवंत बघत नसत. त्यांनी भिंतीकडे तोंड केले, ते केलेच.

अंगणात चार महिन्यांच्या पावसाने आणि वाऱ्याने आपला डाव साधला. चाके धुरकटली, त्यांच्यावर पांढुरकी बुरशीसारखी खार चढली.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी पुतण्या हेमंत आला. पोरगा मायेचा, पण घाईचा. म्हणाला, "काकी, चाका रंगवन टाकूया. कोण घासतलो आता?"

जयवंतांनी भिंतीकडे बघतच मान हलवली. हो म्हणून.

चाके रंगाखाली गेली की हा माणूस आपला हातही कायमचा झाकून टाकणार, हे त्या होकारात शालनकाकींना लख्ख दिसले.

"मी घासतलंय," त्या म्हणाल्या. "दसऱ्यापर्यंत थांब. लखलखली नाय, तर खुशाल रंगवूक ने."

आता घासण्यात काकींचा हात धरणारे गावात कुणी नव्हते. त्यांची समई, त्यांची निरांजने, त्यांचा तांब्या: अवघे देवघर सुवर्णकांतीचे. आणि त्या कांतीचे गुपित एकच, चिंच आणि मीठ. घट बसले त्या सकाळी त्यांनी पहिल्या चाकाला चिंच-मिठाचा जाडसर लेप दिला आणि जरा मुरू दे म्हणून दुपारपर्यंत ठेवला.

लेप धुतला. खाली सोने नव्हते, रुपे नव्हते. राखाडी, निस्तेज, खरखरीत असे काहीतरी होते, आणि त्यावर पांढरे व्रण.

काकींनी पदराने ते घासून बघितले. तेवढ्यात मागे खुर्ची खरडत आल्याचा आवाज झाला. चिंचेचा वास माजघरापर्यंत गेला होता, आणि त्या वासामागे जयवंत, चार महिन्यांत पहिल्यांदा, डाव्या पायाने खुर्ची रेटत उंबऱ्याशी आले होते.

"अगो... मीठ?" त्यांचा आवाज घरघरला. "बारा वर्सा... मिठापास्ना राखलंय तेंका. आणि तू... मीठच चोळलंस?"

त्यांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. काकींना रडू फुटले, आणि रडता रडता बरेही वाटले. चिडलेला नवरा भिंतीकडे बघणाऱ्या नवऱ्यापेक्षा शंभर पटींनी बरा.

मग सुरू झाली ती नऊ दिवसांची तपश्चर्या. जयवंत खुर्चीत, काकी चाकाशी. डावा हात दाखवी, काकींचे हात करीत. आधी साबणाचे पाणी, मग कोरडे फडके. मग पॉलिश पेपर, पाण्यात भिजवून: जाडा, बारीक, त्याहून बारीक. सरळ, एकाच दिशेने, न थांबता. बांगड्यांचे ओरखडे पडू नयेत म्हणून काकींनी त्या कोपरापर्यंत चढवून फडक्याने बांधल्या; सवाष्णीने काढायच्या कशा?

मग फ्लॅनेलवर पॉलिश. फडके काळे, बोटे काळी, नखे काळी. "काळा होताला," जयवंत म्हणाले, "होवं दे." धातूचा मळ फडक्यावर उतरत गेला, आणि मळाखालून उजेड वर आला. खांदे भरून येत, रात्री कूस बदलवत नसे. सकाळी त्या पुन्हा चाकाशी. शेवटी मेणाचा हात, पातळ, अगदी पातळ, खाऱ्या वाऱ्याने नखही रोवू नये म्हणून.

चारही चाके उजळली. पहिल्या चाकाच्या कडेला मात्र मिठाचे तीन-चार बारीक खड्डे राहिले ते राहिलेच. जयवंतांनी त्यांवरून डावा अंगठा फिरवला आणि म्हणाले, "रवांदेत."

दसऱ्याला हेमंत जॅक आणि पाना घेऊन आला, आणि फाटकातच थबकला. चार चाकांत चार आकाशे होती, चार माडांचे शेंडे होते. तो नुसताच हसला.

काकी पूजेचे ताट घेऊन आल्या. चाकांना हळद-कुंकू, चाकाखाली लिंबू, ही गावची रीत. जयवंतांचा डावा हात झटक्यात वर झाला. पण काकी आता शिकल्या होत्या. हार बॉनेटवर चढला, कुंकू टायरच्या काळ्या रबरावर लागले, चिंचेसारखेच आंबट लिंबू स्वयंपाकघरात राहिले.

मग हत्यारांची पूजा. पहिल्या चाकाशेजारी स्टुलावर पाट मांडला. पाटावर पॉलिशचा डबा, झिजलेले पेपर, काळेभोर फ्लॅनेल. हेमंतने आपला जॅकही त्यात ठेवला. काकींनी सगळ्यांकडे एकदा बघितले, आणि नवऱ्याच्या मांडीवरचा उजवा हात दोन्ही हातांनी उचलून पाटावर ठेवला.

जयवंतांनी मान फिरवली.

"हत्यार आसा ह्या," काकी म्हणाल्या. "पडान रवला म्हणान पूजा चुकवूची नसता."

त्यांनी त्या हाताला हळद लावली. कुंकू लावले. अक्षता वाहिल्या. झेंडूचे एक फूल तळव्यात ठेवले, आणि बोटे एकेक करून त्यावर मिटली.

जयवंतांची मान हळूहळू वळली. शेजारच्या उघड्या, उजळ चाकात, मिठाच्या खड्ड्यांच्या जरा वर, पिवळा-तांबडा एक हात दिसत होता. ते बघत राहिले. आपल्या हाताकडे, बघत राहिले.

दर्यावरून खारा वारा येत होता. येवो बापडा.