खाटेनं अडवलेला सर्व्हर

लॅपटॉप छातीशी धरून वीस-बावीस शिकलीसवरलेली माणसं आमच्या कॉन्फरन्स रूमबाहेर रांगेत उभी होती. आत सिग्नलबाबा बसले होते. घरून सुरक्षित जोडणी लावली, तरी कंपनीचा सर्व्हर उघडत नसे. लॅपटॉप इथं आणला, बाबांनी त्यावर तांब्याची पट्टी फिरवली, की सर्व्हर हजर. घरी नेला की पुन्हा ठणठणाट.

"यंत्र आम्ही शुद्ध केलं," बाबा डोळे मिटून म्हणत. "तुमच्या घरातल्या लहरी अशुद्ध, त्याला आम्ही काय करणार?"

नेटवर्क सांभाळणारा मी, त्यामुळे नाचक्की माझी. पंधरा दिवस तारा तपासत होतो. साहेबांनी मात्र बाबांना स्वतःची खुर्ची दिली होती.

आमच्या नकाशे काढणाऱ्या बाईंची आई खुब्याचं हाड मोडून पडून होती. बाबांनी त्यांना घराचा आराखडा काढायला लावला आणि खाटेवर बोट ठेवलं. "आजाऱ्याची खाट लहरी शोषते. घराबाहेर हलवा." शनिवारपर्यंत घरून काम सुरू झालं नाही तर रोज ऑफिसात या, असं साहेबांनी बजावलं होतं, आणि मग आईकडे बघायला घरी कोणीच नव्हतं. म्हणजे काहीही झालं तरी आईची रवानगी शुश्रूषागृहात. मी गुरुवारी जोडणी तपासायला बाईंच्या घरी गेलो, तेव्हा त्या आईचे कपडे पिशवीत भरत होत्या. मला फार राग आला, बाबांचा आणि माझाही.

आई खाटेवरून सगळं ऐकत होत्या. टेलिफोनच्या चौकशी खिडकीवर त्यांनी तीस वर्षं लोकांना नंबर सांगितले होते.

"त्या सर्व्हरला नाव आहे, तसा नंबरही असेल ना?" त्यांनी विचारलं.

"आहे की."

"मग नंबर टाकून बघा."

मी बाईंच्या लॅपटॉपवर सुरक्षित जोडणी लावून नावाऐवजी आकडे टाकले. सर्व्हर उघडला.

"म्हणजे तार धडधाकट आहे," आई म्हणाल्या. "नावावरून नंबर सांगणारी तेवढी चुकीची भेटलीय. हे यंत्र घरी कोणाला विचारतं?"

मी कपाळावर हात मारला. लॅपटॉप ऑफिसात ऑफिसच्या नाव-नंबरांच्या नोंदीला विचारायचा. घरी मात्र इंटरनेटवाल्यांच्या नोंदीला. आमच्या आतल्या सर्व्हरचं नाव त्यांच्याकडे असणार कुठून? जोडणी लागताच ऑफिसलाच विचार, एवढं सांगायचं मी विसरलो होतो.

शुक्रवारी बाबांनी शुद्ध केलेला लॅपटॉप मी सर्वांसमोर, त्याच खोलीत, मोबाइलच्या इंटरनेटवर घेतला. सुरक्षित जोडणी लावली. सर्व्हर गायब. मग ऑफिसच्या वायफायवर एक नवाकोरा लॅपटॉप लावला. पट्टीविनाच सर्व्हर उघडला.

"बाबा, इथं कोणाची खाट आहे?" मी विचारलं.

"आज लहरींना सुतक आहे," बाबा पुटपुटले. रांगेत पहिल्यांदाच हशा पिकला. मी सर्वांसमोर माझी चूक सांगितली आणि सेटिंगमध्ये एक ओळ भरली. मोबाइलवरचा लॅपटॉप पुन्हा जोडला, सर्व्हर उघडला. साहेबांनी मुकाट्यानं आपली खुर्ची परत घेतली.

शनिवारी बाई घरूनच कामाला बसल्या, आईच्या खाटेला टेकून.

यंत्र अडलं तर ते कुठं अडलं, हे शोधा. शोधता येत नसेल तर जाणत्याला विचारा, आणि त्याला पुरावा मागा. मलाही मागा. पण कोणाच्या लहरींखातर घरातलं माणूस घराबाहेर काढू नका.