परतीची गाडी

माझ्या दादाने जन्मभर बस-आगारात वेळापत्रकं लावली. कुठली गाडी कधी सुटेल, कुठं थांबेल, कुणाची वाट बघेल, हे तो कागदावर असं बसवायचा की ड्रायव्हरसुद्धा त्याचं नाव काढायचे. आगाराचा एक नियम त्याच्या हाडीमाशी खिळला होता. परतीची गाडी ठरल्याशिवाय जायची गाडी सोडायची नाही, प्रवासी कुठं अडकून पडता कामा नये. नियम चांगलाच होता. माझ्या वहिनीचा मात्र त्याने घात केला, आणि हे मी दादाला तोंडावर सांगितलेलं आहे.

वहिनी आमच्या बेटाच्या पलीकडच्या किनाऱ्यावरची. बेट म्हटलं की लोकांना वाटतं, सकाळी निघालं की संध्याकाळी दुसऱ्या टोकाला. आमचं बेट म्हणजे अख्खा देश आहे. इथल्या माणसाला तिथली भाषा कळत नाही, तोंडवळे वेगळे, देव वेगळे, दुकानं बंद ठेवायचा वारसुद्धा वेगळा. तरुणपणी दादाची तिकडे बदली झाली होती, तेव्हा वहिनी बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात कामाला होती. दोघांचं सारं हातवाऱ्यांवर आणि तिला येणाऱ्या आमच्या चार शब्दांवर चालायचं. लग्न केलं म्हणून तिच्या घरच्यांनी तिला तोडलं. ती आमच्याकडे आली, आमची भाषा शिकली आणि इतकी चांगली शिकली की आमच्यापैकी कुणाला तिची शिकावीशी वाटली नाही. गरजच काय, असं आम्ही म्हणायचो.

दादा निवृत्त झाला आणि वहिनीचं हृदय थकलं. जिना चढताना ती मध्येच बसायची आणि चपलेचा पट्टा नीट करतेय असं दाखवायची. एकदा जेवताना ती म्हणाली, की तिला एकदा माहेरी जायचंय. आईवडील केव्हाच गेले होते, धाकटी बहीण तेवढी होती. बहिणीला भेटायचं होतंच, पण तिला त्याहून जास्त ओढ होती ती तिच्या भाषेची. बाजारात, बसमध्ये, शेजारच्या भांडणात, चहूकडून तीच भाषा कानावर पडायला हवी होती.

दादा खुलला. नुसतं माहेर कशाला, म्हणाला, अख्ख्या बेटाला फेरी मारू. आगारातला जुना मोठा नकाशा त्याने जेवणाच्या टेबलावर पसरला, वर काच ठेवली, आणि त्या दिवसापासून आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवू लागलो. मी घरी पडदे शिवते. तो सुईने नकाशावर प्रवासाचा रस्ता टाचायचा, आणि माझ्या डब्यातली लाल दोऱ्याची रिळं एकेक करून त्या काचेखाली गेली.

दोरा दक्षिणेकडून निघायचा. का, तर पाऊस मागे राहतो. पण दक्षिणेला शुक्रवारी सगळं बंद, म्हणून शनिवारी पोचायचं. डोंगरातल्या लोकांकडे बाजाराच्या दिवशी रस्त्यावर गाडी येऊ देत नाहीत, म्हणून तिथं एक मुक्काम जास्त. मग खाडीपलीकडची बोट, तिचा नावाडी दुसऱ्याच धर्माचा, त्याची सुटी दुसरीच. एक गाठ सोडवली की दुसरी बसायची. वहिनीचं गाव त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, परतीच्या बसच्या अगदी आधी. गोड शेवटी असतं, म्हणायचा. नमनालाच घडाभर तेल जळत होतं आणि वहिनी खुर्चीत बसून ते कौतुकाने बघत होती. सुरुवातीला कौतुकच होतं, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरीण बाई आमच्याच गल्लीतल्या. त्यांनी नकाशा बघितला, वहिनीचे सुजलेले पाय बघितले आणि दादाला बाहेर घेऊन गेल्या. जी तारीख ठरवाल, तिच्या आधीच निघा, असं त्यांनी सांगितलं. दादाने आत येऊन काच उचलली आणि प्रत्येक टप्प्यावर विश्रांतीचा एकेक दिवस वाढवला. मला वाटलं, आता ही रिळं याच्या डोक्यात घालावीत.

त्या आठवड्यात वहिनी उठून टेबलाशी आली. नकाशाच्या मधोमध एक घाटरस्ता आहे, आमच्या शहरातून थेट तिच्या किनाऱ्यापर्यंत. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"मला असं सरळ न्या. फेरी नको."

"अगं, पण त्या घाटातून परत यायला सोयीची गाडी नाही. वर एवढी चढण. तुला झेपणार नाही."

"मला जायला झेपेल. परतीचं तुमचं तुम्ही बघा."

दादाने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि बराच वेळ दोऱ्याचं एक टोक शोधत राहिला. तेव्हा मला कळलं की हा माणूस सहल आखतच नाहीये. जोवर आखणी चालू आहे तोवर कुणी निघत नाही, आणि निघालं नाही तर कुणी जातही नाही, असा त्याचा हिशेब होता. मला त्याचा राग आला आणि रडूही आलं.

दुसऱ्या दिवशी मी वहिनीला म्हटलं, त्याला बसू दे दोरे ताणत, मी नेते तुला. ती हसली आणि मान हलवली.

"त्यांना टाकून जाऊन काय करू? त्यांनाच तर ऐकवायचं होतं. वन्सं, माझ्या भाषेत मी फार वात्रट आहे. कारखान्यातल्या बायका माझं बोलणं ऐकून पोट धरून हसायच्या. इथं मी सगळं नीट बोलते, म्हणून तुम्ही मला शहाणी म्हणता. शहाणी! मला कुणी ओळखलंच नाही तुमच्यापैकी."

हे तिने गमतीत सांगितलं. मी ते दादाला तसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, म्हणूनच तर तिचं गाव शेवटी ठेवलंय, निवांत राहता येईल. पालथ्या घड्यावर पाणी. माझा आवाज चढला, त्याचाही चढला, आणि आतून वहिनीने आम्हाला दोघांना गप्प बसवलं.

पावसाळा या बाजूचा संपला आणि त्या बाजूचा सुरू झाला. सगळी वेळापत्रकं पुन्हा लावायला हवी होती. ती लागायच्या आत वहिनी अंथरुणाला खिळली.

शेवटच्या दुपारी आम्ही दोघं तिच्याजवळ बसलो होतो. ती ग्लानीत होती. मध्येच डोळे उघडून तिने दादाकडे बघितलं आणि बोलायला लागली, तिच्या भाषेत. आवाज वेगळाच होता, खालच्या पट्टीतला, भरभर चालणारा. मी पाणी पुढे केलं, ते तिने हाताने बाजूला सारलं. उशी नको, खिडकी नको. ती काही मागत नव्हती, काहीतरी सांगत होती. भुवई उडवली, कुणाची तरी नक्कल केली, मग एक वाक्य अगदी सावकाश बोलली आणि थांबली. गालात हसू दाबून दादाकडे बघत राहिली, गंमत सांगून झाल्यावर माणूस समोरच्याकडे बघतं तशी.

आम्ही दोघंही नुसते बसून राहिलो. मग दादाच्या ध्यानात आलं, आणि तो हसला. मोठ्याने हसला. पण तोवर तिने डोळे मिटले होते. ते पुन्हा उघडले नाहीत.

सगळे विधी उरकले, माणसं पांगली. दादा टेबलाशी बसला होता. त्याने काच उचलली आणि सगळे दोरे काढून माझ्यापुढे ढीग घातला. नकाशावर आता फक्त सुईची भोकं होती.

"काय म्हणाली असेल गं ती?" त्याने विचारलं.

माझा राग अजून गेला नव्हता. घाटातली बस रोज सकाळी सुटते, मी म्हटलं, तिच्या बहिणीकडे जा आणि विचार.

दादाने माझ्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले, त्या आवाजासारखं काहीतरी जुळवायला बघत होते. एकही शब्द जमला नाही.

"जाऊन विचारू काय?" तो म्हणाला. "ती काय बोलली, ते मला सांगता तरी यायला हवं ना."