दादाच्या चकरा

मी मुद्रितं तपासते. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्यातल्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. सत्तावीस वर्षं झाली. वेलांटी पहिली की दुसरी, यावरून मी मोठमोठ्या प्राध्यापकांच्या तोंडचं पाणी पळवलंय. घरात कोणी बोलताना चुकलं तरी माझी भुवई वर जाते, असं माझी मुलगी म्हणते. तेव्हा त्या शनिवारी जे समोर आलं ते माझ्याच हातून व्हावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आम्ही सातजण परदेशात सायकलवर फिरायला जाणार होतो. नऊ दिवस, बराचसा नदीकाठ आणि मध्ये दोन डोंगर. म्होरक्या कॅप्टन. तो सैन्यात कधीच नव्हता, शाळेत भूगोल शिकवतो, पण गळ्यात शिट्टी घालून हिंडतो म्हणून कॅप्टन. दातांच्या डॉक्टरीणबाई, त्यांचे यजमान, माझ्या छापखान्यातले दोघे, मी आणि माझा दादा.

दादाला मी ओढून आणलं होतं. वहिनी गेल्यापासून तो घराबाहेर पडेना. आयुष्यभर लिफ्टची दुरुस्ती केलेला माणूस निवृत्त झाल्यावर खुर्चीत बसून पंख्याकडे बघत राहायचा. "एकसष्टाव्या वर्षी मला सायकलवर बसवतेस होय गं चिमे?" म्हणाला, आणि मी हट्टालाच पेटले. शेवटी आला. मी म्हणेन ते तो करतो, लहानपणापासूनची त्याची खोड आहे ती.

सहलीची सगळी आखणी अर्थातच माझ्या गळ्यात. मी सरावाचा तक्ता केला. रोज ज्याने त्याने आपला कागद भरायचा आणि शनिवारी मला द्यायचा. मी सगळ्यांचे आकडे एका तक्त्यात उतरवून खाली 'पाहिले' असं लिहायची, सही ठोकायची आणि तो तक्ता सर्वांना पाठवायची. रकाने असे: किलोमीटर, नाडी, चकरा, झोप, शेरा. चकरा म्हणजे तलावाभोवतीच्या. आम्ही सहाजण छापखान्यामागच्या तलावाला फेऱ्या मारायचो, एक चक्कर दोन किलोमीटरची. दादा राहतो गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तो पहाटे एकटाच कालव्याच्या रस्त्याने जायचा आणि कागदाचा फोटो पाठवायचा. पडद्यावर वाचणं माझ्या डोळ्यांना मानवत नाही, म्हणून मी तो छापून घ्यायची.

दादाच्या चकरा नेहमी कमी. एक, दोन, कधी शून्य. कॅप्टनने त्याचं नाव गोगलगाय ठेवलं. मीही सोडलं नाही. एकदा फोनवर विचारलं, "आज किती?"

"आज एकच."

"एकच? दादा, बाकीच्यांच्या दहा-दहा होतात. डॉक्टरीणबाईंच्या बारा."

तो म्हणाला, "दहा? मग माझं बरंच म्हणायचं."

निर्लज्जच आहे मेला, असं म्हणून मी फोन ठेवला आणि ही गंमत छापखान्यात दोघा-तिघांना सांगून हसलेही.

त्या शनिवारी सगळे डोंगरावर गेले होते. दहा किलोमीटर उतार, एकवीस वळणं. चढ पायांचा आणि उतार काळजाचा, असं कॅप्टनचं म्हणणं, तेव्हा उताराचा सराव हवाच. दादा पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर होता. मी मागे राहिले, कारण तिकडच्या सहलवाल्यांना प्रत्येकाच्या सरावाचा गोषवारा त्याच दिवशी हवा होता.

तपासणीच्या खोलीत मी एकटीच होते. लांब टेबल, दोन दिवे, लाल पेनांचा डबा, आणि खालच्या छपाईयंत्राची धडधड. मी बेरजा करायला बसले. बाकीच्यांचं गणित चोख जुळत होतं, बारा चकरा तर चोवीस किलोमीटर. दादाचं काही केल्या जुळेना. मंगळवारी सव्वीस किलोमीटर आणि चकरा शून्य. गुरुवारी किलोमीटर चार आणि चकरा तीन. मला आधी रागच आला. या वयात थापा मारतोय, आणि त्याही धड नाहीत! त्याला फैलावर घ्यायचं ठरवून मी त्याचे पाच आठवड्यांचे कागद काढले आणि शेऱ्याचा रकाना वाचायला घेतला.

'१. जिना चढताना.'

जिना चढताना चक्कर कशी मारतात?

'२. एक आंघोळ करताना, एक बूट घालायला वाकलो तेव्हा.'

'३. तिन्ही सायकलवर. उतरून बसलो. दहा मिनिटांनी बरं वाटलं.'

मी पेन खाली ठेवलं. चकरा. नाडीच्या शेजारी आणि झोपेच्या अलीकडे. आपली बहीण आपली प्रकृती विचारतेय असं त्याला वाटलं, आणि त्याने इमानेइतबारे सांगितलं होतं. रोज. पाच आठवडे. आणि सर्वांत वाईट ते पुढे दिसलं. दादाने 'आघोळ' लिहिलं होतं. त्यावर अनुस्वार मी दिला होता, माझ्या लाल पेनाने. म्हणजे ती ओळ मी वाचली होती. चूक शोधली होती, दुरुस्त केली होती आणि तक्त्याखाली 'पाहिले' म्हणून सही केली होती.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. साडेतीनला ते डोंगरमाथ्यावरून निघणार होते.

दादाला फोन लावला. तो वाजत राहिला. सायकलवर जाताना तो फोन घरी ठेवतो, खिशात टोचतो म्हणे. कॅप्टनचा लागेना. डॉक्टरीणबाईंचा लागेना. डोंगरावर फोन चालत नाहीत हे मीच तर सगळ्यांना लिहून कळवलं होतं. दादाचे कागद मुठीत धरून जिना कसा उतरले ते आठवत नाही. खाली छापखान्याची गाडी उभी होती आणि ड्रायव्हर पुस्तकांचे गठ्ठे चढवत होता.

"डोंगराकडे घे," मी म्हटलं.

"ताई, हा माल—"

"उतरव नाहीतर राहू दे, पण घे!"

ड्रायव्हर बडबड्या आहे. पहिल्या सिग्नलपाशी म्हणाला, "कोणाचं लग्न चुकतंय की काय ताई?" मग आरशात माझा चेहरा बघून त्याने तोंडाला कुलूप लावलं. मी मागच्या गठ्ठ्यांना घट्ट धरून बसले होते. उतारावर सायकलचा वेग केवढा होतो हे मला माहीत होतं, तेही मीच शोधून तक्त्याखाली लिहिलं होतं. चाळीस, पंचेचाळीस. तेवढ्या वेगात एक चक्कर. त्या रस्त्याला कठडा आहे, पण गुडघ्याएवढा. मी देवाचं फारसं करत नाही, त्या दिवशी मात्र कोणाकोणाची नावं घेतली कोण जाणे. मध्येच वाटायचं, काही झालं नसेल. लगेच वाटायचं, झालं असलं तर ते मी केलंय. घरात पंख्याकडे बघत का होईना, बसला होता तो.

पायथ्याशी पोचलो तर कॅप्टन शिट्टी वाजवत उतरत होता. मागोमाग दुसरा, तिसरा, चौथा. डॉक्टरीणबाई पाचव्या. मी गाडीतून अक्षरशः उडी मारली.

"दादा कुठाय?"

"येतोय मागून गोगलगाय," कॅप्टन हसत म्हणाला. "तुम्ही व्हा पुढे, मी सावकाश येतो, म्हणाला."

"कधी म्हणाला?"

"वरच की. झाली असतील वीसेक मिनिटं."

मी डॉक्टरीणबाईंच्या हातात ते कागद कोंबले. काय सांगितलं ते धड आठवत नाही, 'या चकरा तलावाच्या नाहीत' एवढंच म्हणाले बहुतेक. त्यांनी दोन ओळी वाचल्या आणि त्यांच्या तोंडावरचं हसू उतरलं. सायकल त्यांनी तिथेच रस्त्यावर टाकली. "गाडीत बसा," त्या म्हणाल्या. "चला लवकर. एवढ्या वेळा येतेय म्हणजे हृदयाचंही असू शकतं." दातांच्या असल्या तरी डॉक्टर त्या. त्यांनी 'काही नसतं हो' असं म्हणावं म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या म्हणाल्या नाहीत.

वळणं मी मोजत होते. एक, दोन, पाच. प्रत्येक वळणावर आता दिसेल असं वाटायचं, आणि दिसू नये असंही वाटायचं. नवव्या वळणावर ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला.

कठड्याला एक सायकल टेकली होती. निळी. दादाचीच. माणूस नव्हता.

ड्रायव्हर उतरला, बाई उतरल्या, मी सर्वांत शेवटी. कठड्यापाशी गेले आणि डोळे मिटले. खाली बघायला हवं होतं. आयुष्यभर डोळ्यांत तेल घालून बघण्याचे पैसे घेतले, आणि तेव्हा मला खाली बघवेना.

"चिमे?"

आवाज मागून आला. रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या सावलीत, दादा दगडावर बसला होता. शर्ट घामाने भिजलेला, चेहरा कागदासारखा पांढरा. मला बघून त्याला बरं वाटलेलं दिसलं.

"आलीस? बरं झालं. आज एकच आली, पण मोठी होती गं. सगळं काळं झालं डोळ्यांपुढे. ब्रेक दाबला म्हणून वाचलो. लिहून ठेव, माझ्याकडे कागद नाही."

मी धावत गेले आणि त्याच्या खांद्यावर दोन्ही हातांनी मारायलाच लागले. "सांगायला काय झालं होतं तुला? तोंड नव्हतं?"

"सांगत होतो की," तो म्हणाला. रागाने नाही, नवलाने. "रोज सांगत होतो. तू बघत होतीस ना?"

मला रडू आलं आणि मी रडले. डॉक्टरीणबाई तोवर त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या. त्याचं मनगट हातात, डोळे घड्याळावर. दादा अवघडला. त्याला कोणाला त्रास दिलेला आवडत नाही.

"बाई, तुम्ही कशाला एवढ्या वर आलात?" तो त्यांना म्हणाला. "मला आपल्या एक-दोन येतात. तुम्हाला बारा-बारा येतात, तरी हूं की चूं करत नाही. तुमच्याकडे बघूनच तर मी टिकलो."

बाईंनी वर पाहिलं नाही. त्या मोजत होत्या. एकदा मोजून झालं, मग पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. मग ड्रायव्हरला म्हणाल्या, "गठ्ठे बाजूला करा, यांना आडवं करायचंय. सरळ हॉस्पिटल. कुठेही थांबायचं नाही."

आम्ही तिघांनी दादाला उचलून गाडीत निजवलं. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी वळली. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी जुळवत असल्यासारखा.

"चिमे," तो हळूच म्हणाला, "म्हणजे बाकीच्यांना येत नव्हत्या?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली.

तेव्हा पाच आठवड्यांत पहिल्यांदा दादा घाबरला. त्याने चाचपडत माझा हात शोधला आणि घट्ट धरला.