सहा चेहऱ्यांची पाटी

मित्रांनो, मी लाकडाची जुनी पाटी आहे. माझ्यावर सहा चेहरे आहेत. पहिला हसरा, पुढचे एकेक करून उतरत गेलेले आणि शेवटचा ढसाढसा रडणारा. आजारी मुलाने आपल्या दुखण्याशी जुळणाऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवायचे, एवढेच माझे काम. इबादान शहरातल्या ज्या रंगाऱ्याने मला रंगवले, त्याचा जन्म न्हाव्यांच्या पाट्या रंगवण्यात गेला होता. त्यामुळे माझा रडणारा चेहरासुद्धा झकास भांग पाडून रडतो.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पुढे ‘रडत नाही म्हणजे दुखत नाही’ असे ठरवून रुग्णालयातल्या लोकांनी मला कपाटामागे टाकले. तिथून मला ओढून काढले तितिलायो सिस्टरने, अबेनीसाठी.

अबेनी नऊ वर्षांची. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार, त्यामुळे हाडांचा ठणका तान्हेपणापासूनचा सोबती. आदल्या दिवशी शस्त्रक्रिया करून तिचे पित्ताशय काढले होते, आणि ही उशीला टेकून बियांचा खेळ मांडून बसलेली.

“माझी लेक रडायची नाही,” आई अभिमानाने म्हणाली. अबेनीने माझ्या दुसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवले.

सिस्टरचे लक्ष मात्र तिच्या छातीकडे होते. पोटात कळ येऊ नये म्हणून पोर श्वास चोरून घेत होती. असेच चालले असते तर तिची छाती भरली असती, आणि सिकलसेलच्या मुलांच्या ते जिवावर बेतते.

“अबेनीच्या आई, खालून मक्याची गरम ओगी आणता का? मी आणलेली पेज ही बया खायची नाही.”

आई गेली. सिस्टर खाटेवर टेकली.

“हं, आता खरं सांग.”

“आईला सांगाल.”

“तिला काय सांगायचं ते तू ठरव.”

बोट हळूहळू सरकले आणि शेवटच्या चेहऱ्यापाशी अडखळले. “पण हा रडतोय. मी कुठे रडतेय?”

“रडलंच पाहिजे असा नियम नाही गं.”

बोट टेकले. मी थक्क झाले. एवढे दुखणे पोटात ठेवून ही मुलगी बिया मोजत होती!

सिस्टरने डॉक्टरांना बोलावून औषध वाढवून घेतले, ऊबदार पांघरूण घातले. थोड्या वेळाने अबेनीने पहिला खोल श्वास घेतला.

आई वाडगा घेऊन आली, तेव्हा अबेनीने मला स्वतःच पुढे ओढले. “आई, आत्ता मी इथे आहे,” तिसरा चेहरा दाखवत ती म्हणाली. “मघाशी इथे होते.”

आईने वाडगा खाली ठेवला आणि लेकीचे ते बोट दोन्ही हातांत घट्ट धरले.

मित्रांनो, न रडणाऱ्यालाही विचारत जा. आणि विचारलेत की जरा थांबा, खऱ्या चेहऱ्यापर्यंत पोहोचायला बोटाला वेळ लागतो.